सोलापुरात पहिली जुनी छोटी मोटार घेताना

पहिली चारचाकी घ्यायची असे ठरवणाऱ्या सोलापुरातील बहुतेक घरांची परिस्थिती थोड्याफार फरकाने सारखी असते. घरात एक-दोन दुचाकी असतात, आईवडिलांना आता दुचाकीवर मागे बसणे जमत नाही, अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर ही तिन्ही ठिकाणे पाऊणशे किलोमीटरच्या आत असल्यामुळे महिन्यातून एखादी फेरी होतेच, आणि एप्रिल-मेच्या उन्हात भर दुपारी दवाखान्यात जायचे म्हटले की रिक्षाची वाट पाहणेही नकोसे होते. हाताशी दीड-दोन लाख रुपये साठलेले असतात. तेवढ्यात नवी गाडी येत नाही, म्हणून जुन्या छोट्या मोटारीकडे नजर वळते. हा निर्णय चुकीचा नाही. मात्र तो घेताना बहुतेक लोक एक चूक करतात आणि तीच चूक मीही केली होती, ती म्हणजे साठवलेले सगळे पैसे गाडीच्या किमतीत घालणे. दोन लाख असतील, तर गाडी दीड लाखाचीच पाहावी, आणि उरलेले पन्नास हजार हेही त्याच गाडीच्या किमतीचा भाग आहेत असे समजून बाजूला ठेवावेत. पुढे जे सांगितले आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

पायरी पहिली: गाडी खरोखर लागते का, ते वहीत लिहून पाहावे

गेल्या तीन महिन्यांत चारचाकी हवी होती असे प्रसंग किती आले आणि त्यात किती किलोमीटर झाले असते, हे आठवून लिहावे. जुनी छोटी पेट्रोल गाडी शहरात आणि महामार्गावर मिळून लिटरला पंधरा ते अठरा किलोमीटर अॅव्हरेज देते आणि पेट्रोल शंभर रुपयांच्या पुढे गेलेले आहे, म्हणजे किलोमीटरला साधारण सहा रुपये फक्त इंधनाचे झाले. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याला इंधनासाठी तीन हजार रुपये लागतील. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि बॅटरी यांची झीज धरली, तर हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो.

महिन्याला दोनशे किलोमीटरसुद्धा होत नसतील आणि त्यातल्या बहुतेक फेऱ्या आधी ठरवून केलेल्या असतील, तर माझ्या मते गाडी घेऊ नये, चालकासह भाड्याने गाडी करावी. घरात आजारी माणूस असेल, लहान मूल असेल, रात्री-अपरात्री बाहेर पडावे लागत असेल, तर मात्र किलोमीटरचा हिशेब दुय्यम ठरतो, कारण त्या वेळी दारात उभी असलेली गाडी हीच गरज असते.

पायरी दुसरी: फायदे आणि तोटे आपल्या वापराला लावून पाहावेत

जुन्या गाडीचा सर्वांत मोठा फायदा घसाऱ्याचा आहे. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते आणि तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. दहा वर्षांची गाडी दीड लाखाला घेऊन तीन वर्षे नीट वापरली, तर विकताना लाखाच्या आसपास रक्कम परत मिळण्याची शक्यता बरीच असते. विम्याचा हप्ताही कमी बसतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे एक हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा) वर्षाला २,०९४ रुपये आणि एक हजार ते दीड हजार सीसीसाठी ३,४१६ रुपये, अधिक कर, इतका आहे. दुसरा फायदा शिकाऊ माणसाला कळतो. नवी पेठ किंवा चाटी गल्लीच्या गर्दीत साडेतीन मीटरांच्या आतली गाडी वळवता येते, लावता येते, आणि एखादा ओरखडा उठला तर जीव कळवळत नाही. हात बसेपर्यंत जुनी गाडी हीच योग्य शाळा आहे.

तोट्यांपैकी पहिला आणि सर्वांत गंभीर सुरक्षिततेचा आहे आणि त्याबद्दल विकणारा कधीच बोलत नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या, एअरबॅग नसलेल्या प्रकारांची धडक चाचणी घेतली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगमर्यादेची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर नव्या मोटारींत सक्तीचे झाले. त्यामुळे २०१९ च्या उत्तरार्धानंतरची गाडी आणि त्याआधीची गाडी यांत वयाच्या पलीकडचाही फरक आहे. शहरात चाळीसच्या वेगाने फिरण्यासाठी जुनी गाडी पुरते. दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्याने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५ वर अवजड ट्रकांच्या सोबतीने अडीचशे किलोमीटर जाणाऱ्याने, एअरबॅग आणि एबीएस नसलेली गाडी घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. त्यासाठी वर्षभर थांबून आणखी पैसे साठवावे लागले तरी चालेल.

दुसरा तोटा कागदी वयाचा आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. २०१२ ची पासिंग असलेली गाडी २०२७ मध्ये पुनर्नोंदणीला न्यावी लागेल, तिथे तपासणी होईल, पर्यावरण कर भरावा लागेल आणि मग पुढच्या पाच वर्षांची मुदत मिळेल. या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारींसाठी पाच हजार रुपये झाले आहे. चौदा वर्षांची गाडी एकदम स्वस्त मिळत असेल, तर त्या स्वस्ताईचे एक कारण हेच असते.

पायरी तिसरी: पैशांची विभागणी करावी

एक चतुर्थांश रक्कम राखून ठेवायची, ती नेमकी कशासाठी, हे आधी माहीत असावे. चार टायर बदलायची वेळ आली, तर छोट्या मापाच्या टायरांनाही बारा ते पंधरा हजार जातात. बॅटरीला चार हजारांच्या आसपास, क्लच प्लेटचा पूर्ण संच बसवायचा तर मजुरीसह सात-आठ हजार, एसीचे काम निघाले तर त्याहूनही अधिक. हे सगळे एकदम निघत नाही, पण पहिल्या वर्षात यांपैकी दोन कामे निघतातच. शिल्लक नसली की माणूस काम पुढे ढकलतो, आणि पुढे ढकललेले काम गाडीत दुप्पट होऊन परत येते.

कर्ज काढायचे असल्यास जुन्या गाडीवरील कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो आणि गाडीचे वय जास्त असेल तर बँका कर्ज नाकारतात, हे लक्षात घ्यावे. खासगी सावकाराकडून पैसे उचलून गाडी घेऊ नये.

किंमत ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आतल्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. नव्या छोट्या गाड्या त्यामुळे स्वस्त झाल्या. तीन-चार वर्षांची गाडी विकणारा अजूनही आपण नवी घेतानाची जुनी किंमत धरून बोलत असेल, तर त्याला आजची नवी किंमत सांगून मग बोलणी करावीत.

पायरी चौथी: गाडी कोणती

नवख्या माणसाने मारुती सुझुकीची अल्टो, वॅगन आर किंवा सेलेरिओ, ह्युंदाईची आय टेन किंवा सँट्रो, अशा गाड्यांपैकी पाहावी. या गाड्या फार उत्तम आहेत म्हणून हे सांगत नाही. यांचे पार्ट सोलापुरात सहज मिळतात आणि कोणताही मेस्त्री डोळे झाकून यांचे काम करतो, हे खरे कारण आहे. शेवरलेटच्या गाड्यांची भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, डॅटसन २०२२ मध्ये गेली. या कंपन्यांच्या बीट, फिगो, गो अशा गाड्या त्यामुळे वयाच्या मानाने स्वस्त मिळतात आणि चालवायला काही वाईट नाहीत, पण एखादा दिवा किंवा बंपर पुण्याहून मागवून आठ दिवस वाट पाहायची तयारी असलेल्यानेच त्या घ्याव्यात. टाटा टियागो जरा जास्त किमतीला जाते, पण पत्रा भक्कम असलेली गाडी हवी असेल तर ती पाहण्यासारखी आहे.

डिझेल नको. कमी वापर असलेल्या घराला जुन्या डिझेलचा इंजेक्टर किंवा टर्बो यांचा खर्च परवडत नाही. सीएनजी असेल तर त्याची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) आणि विम्यात आहे का, हे पाहावे, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाब चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र मागावे. बाहेरून किट बसवून नोंद न केलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवण्यासाठी टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचारून घ्यावे. आठशे सीसीच्या अल्टोत आणि जुन्या सँट्रोत रबरी बेल्ट असतो, तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. अल्टो के टेनच्या इंजिनला चेन आहे. बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे.

पायरी पाचवी: गाडी कुठली

शक्यतो एमएच-१३ पासिंगची, एकाच हातात राहिलेली गाडी शोधावी. निवृत्त शिक्षक, रेल्वे किंवा बँकेतले कर्मचारी यांच्या घरी उभ्या असलेल्या, कमी चाललेल्या गाड्या जाहिरातीत येण्याआधीच ओळखीत जातात. म्हणून मेस्त्री, टायरवाले, पंपावरचे लोक यांच्या कानावर आपली गरज घालून ठेवावी. अकलूज पासिंगची म्हणजे एमएच-४५ ची गाडीही जिल्ह्यातलीच आहे. पुण्याच्या एमएच-१२ गाडीचा नंबर बदलावा लागत नाही, मात्र ती गाडी कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चाललेली असते, म्हणून क्लच जास्त बारकाईने पाहावा.

विजयपूरच्या केए-२८ किंवा कलबुर्गीच्या केए-३२ पासिंगच्या गाड्या आपल्याकडे वीस-तीस हजारांनी स्वस्त दिसतात. त्या गाडीला तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागेल, महाराष्ट्राचा रस्ता कर भरून नवा नंबर घ्यावा लागेल आणि कर्नाटकात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ आपल्याकडे ठेवायची असेल तर नवी नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. हा खर्च आणि हेलपाटे मोजले की स्वस्ताई उरत नाही. दिल्लीच्या गाड्यांचेही तसेच आहे. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात येतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

आपल्या जिल्ह्यापुरती एक वेगळी काळजी आता घ्यावी लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराचे पाणी करमाळा, माढा, मोहोळ भागातील गावांत शिरले होते. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येते तेव्हा वरून ती नव्यासारखी दिसते. पायाखालचे मॅटिंग उचलून खालच्या पत्र्यावर हात फिरवावा, सीट ज्या पट्टीवर सरकते तिथे गंज आहे का पाहावे, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकावर मातीची रेषा आहे का बघावे, आणि स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला गाळ शोधावा. असे काही दिसले, तर भाव न विचारता निघून यावे, कारण वायरिंगमध्ये शिरलेले पाणी वर्षभर त्रास देत राहते.

पायरी सहावी: गाडी बघायला जाण्याआधी कागद बघावेत

गाडी क्रमांक मागून घेऊन एमपरिवहन अॅपवर नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा आहे का हे पाहता येते. आरसीवर कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव असेल, तर त्या संस्थेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ यांशिवाय बोजा उतरत नाही. ‘कर्ज फिटलेले आहे, फक्त एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) काढायची राहिली आहे’ असे सांगणाऱ्याला, आधी काढा आणि मग बोलू, असे सांगावे. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकीत दंड तपासावा. मालक कितवा आहे, हे आरसीवरच कळते. तोंडी ‘सिंगल हँड’ सांगितलेली गाडी कागदावर तिसऱ्या मालकाची निघणे फारच नेहमीचे आहे. आधी टॅक्सी म्हणून चाललेली आणि नंतर खासगी केलेली गाडीही इथेच ओळखू येते.

पायरी सातवी: गाडी सकाळी, थंड असताना, आपला मेस्त्री घेऊन पाहावी

मेस्त्री आपला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. त्याला पाचशे-हजार रुपये द्यावेत. विकणाऱ्याच्या घरी पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवून पाहावा. इंजिन गरम असेल, तर आपण येण्याआधी गाडी सुरू करून ठेवलेली आहे आणि इंजिन थंड असताना ती नीट सुरू होत नसावी, असा अर्थ घेता येतो. थंड इंजिन एका झटक्यात सुरू झाले पाहिजे. सुरू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळते आहे, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर गोडसर वासासह येत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) इंजिनच्या आत जाते आहे. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधासारखा थर असेल, तर हेड गॅस्केटचे काम असण्याची शक्यता मोठी आहे.

आता ज्या एका गोष्टीसाठी सोलापूरकराने सर्वांत जास्त वेळ द्यावा, ती सांगतो. ती म्हणजे कूलिंग, इंजिन थंड ठेवणारी व्यवस्था. मी माझी पहिली गाडी, एक सात वर्षांची अल्टो, जानेवारीत घेतली होती. गड्ड्याची यात्रा सुरू होती, हवा थंड होती, गाडी छान चालली आणि मी सगळे साठवलेले पैसे मोजून दिले. मे महिन्यात आईला घेऊन तुळजापूरला निघालो आणि घाटात तापमानाचा काटा वर चढू लागला. एसी बंद केला, तरी काटा वरच. गाडी बाजूला घेतली तेव्हा बोनेटच्या फटीतून वाफ येत होती आणि आई मागच्या सीटवर पदराने वारा घेत होती. अर्ध्या तासाने, झाकणावर ओले फडके टाकून, थोडे थोडे सोडत ते उघडले. आतले पाणी तपकिरी होते, कूलंटचा मागमूस नव्हता. सोलापुरात परतल्यावर मेस्त्रीने रेडिएटर उतरवून दाखवला. त्याच्या नळ्यांत खडूसारखा पांढरा क्षार साचलेला होता, कारण आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरले होते. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, कुणीतरी काढून टाकलेला होता, आणि रेडिएटरचा पंखा किल्ली फिरवताच सुरू होईल असा डायरेक्ट जोडलेला होता. हिवाळ्यात या दोन जुगाडांमुळे काटा खालीच राहत होता. दुरुस्तीला जे पैसे लागले ते मला उसने घ्यावे लागले.

म्हणून गाडी थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून आतले द्रव पाहावे. ते हिरवे, लाल किंवा निळे, स्वच्छ असावे. किल्ली फिरवताच पंखा सुरू झाला, तर तो डायरेक्ट आहे. व्यवस्थित गाडीत पंखा इंजिन तापल्यावर, किंवा एसी लावल्यावर, सुरू होतो. एसी लावून गाडी उभ्या उभ्या वीस मिनिटे चालू ठेवावी आणि काट्यावर नजर ठेवावी. जमल्यास गाडी एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी दोनच्या सुमारास पाहावी. त्या वेळी एसीही खोटे बोलू शकत नाही आणि रेडिएटरही.

बाकीची तपासणी मेस्त्री करेलच, पण काही गोष्टी आपणही पाहू शकतो. दरवाजाच्या कडेचे काळे रबर थोडे ओढून खालचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर आहेत का बघावे. ते बुजलेले किंवा वेडेवाकडे असतील, तर गाडी ठोकलेली आहे. बोनेट आणि मडगार्डच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील, तर ते भाग एकदा उतरलेले आहेत. टायरच्या कडेवर चार आकडी क्रमांक असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शिल्लक असली तरी इतका जुना टायर आपल्या उन्हात भरवशाचा राहत नाही. मीटर मागे घेणे आजही सर्रास चालते, त्यामुळे रनिंगचा आकडा क्लच आणि ब्रेक पॅडलच्या रबराशी, स्टिअरिंगच्या गुळगुळीतपणाशी आणि सर्व्हिसच्या बिलांशी ताडून पाहावा. चेसिस नंबर आरसीशी जुळवून पाहणे कधीही टाळू नये.

चालवून पाहताना किमान दहा किलोमीटर जावे. गाण्याचा आवाज बंद ठेवावा. विजापूर रोड किंवा होटगी रोडवर मोकळा पट्टा मिळाला, की साठच्या वेगाला स्टिअरिंगवरची पकड हलकी करून गाडी एका बाजूला ओढते का पाहावे. स्पीड ब्रेकरवरून सावकाश नेताना खालून खट खट आवाज आला तर बुश, लिंक रॉड किंवा शॉकअपचे काम आहे. हे काम मोठे नाही, पण त्याचे पैसे किमतीतून वजा करून घ्यावेत. सपाट, मोकळ्या जागी तिसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक आहे, इंजिन नुसतेच घुरघुरत राहिले तर प्लेट संपलेली आहे.

पायरी आठवी: भाव आणि इसार

मेस्त्रीने काढलेल्या कामांची यादी कागदावर लिहावी, प्रत्येकासमोर अंदाजे रक्कम मांडावी आणि तो कागद समोर ठेवूनच बोलावे. ‘थोडे कमी करा’ या विनंतीपेक्षा ‘टायरांचे बारा आणि क्लचचे सात’ हे बोलणे समोरच्यालाही मान्य करावे लागते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर मागणी वाढते, त्यामुळे घाई नसेल तर ते दिवस टाळावेत. इसार पाच-दहा हजारांहून अधिक देऊ नये, तो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावा, आणि बोजा निघाला नाही किंवा कागद जुळले नाहीत तर इसार परत, असे लिहून घ्यावे.

व्यापाऱ्याकडून घेत असाल, तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आहे. ते पाहायला मागावे.

पायरी नववी: गाडी नावावर करून घ्यावी, आणि ती लगेच

इथे आळस करणारे फार आहेत. नमुना २९ ही विकणाऱ्याने द्यायची सूचना आणि नमुना ३० हा नावावर करण्याचा अर्ज, यांनाच आपल्याकडे टीटी फॉर्म म्हणतात. सह्या केलेला टीटी संच हातात मिळाला की गाडी आपली झाली, असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. आरसीवर ज्याचे नाव, तोच मालक आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे नाव बदलून घेण्याची घाई खरे तर विकणाऱ्यालाही असायला हवी. आधारशी जोडलेला मोबाइल असेल तर अर्जाचे बरेच काम ऑनलाइन होते. एजंट करायचा असल्यास शुल्काची सरकारी पावती मागून घ्यावी, म्हणजे त्याची मजुरी किती हे कळते.

विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. आधीच्या मालकाची नो क्लेम सवलत, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, गाडीबरोबर येत नाही, ती त्या माणसाकडेच राहते, म्हणून हप्त्यात थोडा फरक पडेल. जुना फास्टॅग मालकाला बंद करायला सांगून आपला नवा घ्यावा, नाहीतर पुण्याला जाताना सावळेश्वर आणि वरवडेचा टोल त्याच्या खात्यातून कापला जाईल आणि एक दिवस अचानक टॅग बंद मिळेल.

गाडी ताब्यात घेताना दिवस आणि वेळ घालून ताबा पावती करावी, त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि दोन्ही किल्ल्या, जॅक, पाना आणि स्टेपनी मोजून घ्यावी.

पहिल्या पंधरा दिवसांतली कामे

राखून ठेवलेल्या पैशांना आता हात लावावा. विकणाऱ्याने काहीही सांगितले असले तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलावेत, रेडिएटर धुऊन नवे कूलंट भरावे आणि त्यात मिसळायचे पाणी डिस्टिल्ड असावे. ब्रेक ऑइलही बदलावे, ते कोणी बदलत नाही. टायमिंग बेल्टचे बिल मिळाले नसेल, तर बेल्ट याच वेळी घालावा. चाकांचे अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्यावे. एवढ्याला साधारण आठ-दहा हजार लागतात, आणि त्यानंतरच गाडी घेऊन शहराबाहेर पडावे. पहिली लांबची फेरी अक्कलकोटची करावी. चाळीस किलोमीटर, रस्ता सपाट, आणि काही आवाज आला, काटा चढला, तर त्याच दिवशी सोलापुरात परतून आपल्या मेस्त्रीला दाखवता येते. तुळजापूरचा घाट त्यानंतरच्या फेरीसाठी ठेवावा.